सतराव्या वर्षाचं भाकीत

डिसेंबरचा पहिला बुधवार. अमेरिकेतल्या शेकडो हायस्कूलांच्या जिममध्ये सकाळीच टेबलं मांडलेली असतात. टेबलामागे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, शेजारी आई-वडील, आजी, धाकटी भावंडं आणि समोर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या. मुलगा त्यांतली एक उचलतो, डोक्यावर चढवतो आणि दूरवरच्या एखाद्या शहरात हजारो अनोळखी माणसं जल्लोष करतात. दुसऱ्या एखाद्या शहरात तेवढीच माणसं कपाळाला हात लावून बसतात. त्यांतल्या बहुतेकांनी त्या मुलाला मैदानावर प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. मात्र त्याची उंची, वजन, चाळीस यार्ड धावायला त्याला लागणारा वेळ आणि त्याच्यामागे कोणकोणती विद्यापीठं लागली आहेत, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं.

कॉलेज फुटबॉलच्या रिक्रूटिंगमधला हा सगळ्यात मोठा दिवस. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून आणि लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा. ऑस्टिन, कोलंबस किंवा ॲन आर्बरला शिकायला गेलेल्या मराठी मुलांना त्याची ओळख पहिल्याच सत्रात होते, कारण सामन्याच्या शनिवारी सगळं गाव स्टेडियमकडे वळलेलं असतं. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. सामने ऑगस्टअखेरीस सुरू होतात आणि जानेवारीत संपतात. रिक्रूटिंगला मात्र सुट्टी नसते. पुढच्या वर्षी कोण येणार, त्याच्या पुढच्या वर्षी कोण, आलेला मुलगा नाव काढेल का, ही चर्चा बाराही महिने चालू असते.

या चर्चेत अभ्यास आहे, आकडेमोड आहे, जिव्हाळाही आहे. पण तिच्यात एक चूक पुन्हा पुन्हा होते. शेकडो मुलांच्या गटाबद्दल जे खरं ठरतं, ते एकेका मुलाच्या कपाळावर चिकटवलं जातं. ही चूक कशी घडते ते समजायचं तर आधी हा सगळा व्यवहार चालतो कसा, ते पाहायला हवं.

निवड मुलाच्या हातात

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू मिळवण्याची पद्धत सोपी आहे. आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड, मग त्याच्या वरच्याला. खेळाडूला विचारलं जात नाही. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ मध्ये हा ड्राफ्ट सुरू झाला. श्रीमंत संघांनी सगळे चांगले खेळाडू उचलायचे आणि दुबळ्यांनी हात चोळत बसायचं, हे त्यांना थांबवायचं होतं.

कॉलेजांच्या पातळीवर असा ड्राफ्ट कधीच आला नाही. तिथे कुठे जायचं ते मुलगा ठरवतो. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलचं दार उघडत नाही आणि दुसरी सोयीची वाटही नाही. त्यामुळे देशातला जवळपास प्रत्येक गुणी खेळाडू कॉलेजातूनच पुढे जातो. हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख. त्यांतली विद्यापीठीय खेळाच्या सर्वोच्च स्तरावर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये पोचणारी शंभरात साधारण तीन. या तिघांसाठी सव्वाशेहून अधिक मोठी विद्यापीठं आपसांत झुंजत असतात. शिवाय अलाबामा, नेब्रास्का अशा राज्यांत एनएफएलचा संघच नाही. तिथल्या माणसांची सगळी निष्ठा विद्यापीठाच्या संघावर असते. आजोबांपासून नातवापर्यंत एकच रंग चालत आलेला असतो.

ड्राफ्ट नसल्यामुळे बलवान आणखी बलवान होतात. जिंकणाऱ्या संघाकडे चांगली मुलं जातात, ती आली की संघ पुन्हा जिंकतो. हे चक्र पकडायचं किंवा मोडायचं मुख्य साधन म्हणजे रिक्रूटिंग, म्हणूनच चाहत्यांचा जीव त्यात गुंतलेला असतो.

व्हिडिओपासून सहीपर्यंत

सुरुवात बहुधा एका व्हिडिओने होते. २००६ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहरात सुरू झालेल्या हडल या कंपनीमुळे आज हायस्कूलचा साधा खेळाडूही आपल्या खेळातले निवडक तुकडे जोडून कोणत्याही प्रशिक्षकाला पाठवू शकतो. प्रशिक्षकाला त्यात दम वाटला तर मुलाला कॅम्पला बोलावणं जातं. तिथे त्याचं वजन-माप होतं, धावणं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच वयाच्या दुसऱ्या चांगल्या मुलासमोर त्याला उभं केलं जातं. मग येते ऑफर, म्हणजे शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं या सगळ्याचा खर्च उचलणारी स्कॉलरशिप.

ऑफर हा शब्द कानाला पक्का वाटतो, पण सही होईपर्यंत त्याला कायदेशीर वजन नसतं. एकेक विद्यापीठ एका वर्षात जागांपेक्षा कितीतरी जास्त मुलांना ऑफर देतं. त्यांतल्या काही ऑफर अशा असतात की मुलाने होकार कळवला तर विद्यापीठ जागा भरल्याचं सांगून मोकळं होतं. उलट बाजूने मुलाचा तोंडी होकारही बांधील नसतो. तो आज एका ठिकाणी कमिट होतो आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे फ्लिप करतो.

फ्लिप म्हटलं की चाहत्यांना आठवतो १५ डिसेंबर २०२१ हा दिवस. जॉर्जियातला ट्रॅव्हिस हंटर त्या वर्षीच्या अनेक क्रमवाऱ्यांत देशात पहिला होता आणि दीर्घकाळ फ्लोरिडा स्टेटला शब्द देऊन बसला होता. सहीच्या दिवशी त्याने जॅक्सन स्टेटचं नाव घेतलं. मिसिसिपीतलं हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ डिव्हिजन वनच्या वरच्या गटात खेळतही नव्हतं. तिथे प्रशिक्षक होते डिऑन सँडर्स, स्वतः फ्लोरिडा स्टेटचे गाजलेले खेळाडू. पुढे हंटर त्यांच्याबरोबर कोलोरॅडोला गेला, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी २०२४ ची हाइझमन ट्रॉफी जिंकला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्या बुधवारी 'पोराने आयुष्याचं मातेरं केलं' म्हणणाऱ्यांची कमी नव्हती.

सहीच्या वेळी मुलाबरोबर पालकही लागतात आणि घरात एकमत असेलच असं नाही. २०१३ मध्ये फ्लोरिडाचा चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक ॲलेक्स कॉलिन्स अर्कान्सासला जायला तयार होता, पण सहीच्या दिवशी आईने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी केली. बाहेरच्यांना ही मजेची बातमी वाटली. पण आपलं लेकरू इतक्या लांब पाठवायचं की नाही, यावरून त्या घरात काय झालं असेल, ते लेक दूर पाठवलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

तारे कोण देतं?

खेळाडूंना एकपासून पाचपर्यंत तारे देण्याची पद्धत एका हौशी कामातून वाढली. शिकागोचे टॉम लेमिंग १९७० च्या दशकाच्या अखेरीस गाडी घेऊन राज्याराज्यांतून फिरू लागले. ते हायस्कूलच्या मुलांना भेटत, टेप पाहत आणि नोंदी छापत. इंटरनेट आल्यावर रायव्हल्स, मग ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्स, ईएसपीएन, ऑन-थ्री यांनी याचा उद्योग केला. आता प्रत्येकाकडे देशभर पसरलेले परीक्षक आहेत. मुलगा नववी-दहावीत असतानाच त्याच्या नावापुढे पहिला आकडा येतो.

ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्सच्या मोजमापात फाइव्ह-स्टारचा अर्थ नेमका आहे. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात, म्हणून पाच तारे साधारण तेवढ्याच मुलांना. तीन-चार वर्षांनी हा मुलगा पहिल्या फेरीत जाईल, असं ते भाकीत आहे. चार तारेवाले दरवर्षी तीन-चारशे आणि तीन तारेवाले त्याच्या कित्येक पट. बहुतेक विद्यापीठांचे संघ या तीन तारेवाल्यांवरच उभे असतात.

भाकीत खरं ठरतं का?

चाहत्यांचे इथे दोन तट पडतात. एक म्हणतो, ताऱ्यांशिवाय अजिंक्यपद नाही. दुसरा म्हणतो, तारे म्हणजे थोतांड, ड्राफ्टमध्ये बघा, तीन तारेवाले किती आहेत. गंमत अशी की दोघांचंही निरीक्षण बरोबर आहे.

समजा, एका वर्षात ३० मुलं फाइव्ह-स्टार आहेत आणि त्यांतली निम्मी, म्हणजे १५, पुढे ड्राफ्टमध्ये गेली. तीन तारेवाले २,००० आहेत आणि त्यांतले शंभरात पाचच गेले. तरी ते झाले १००. ड्राफ्टच्या यादीत तीन तारेवाले सहापटीहून अधिक दिसणार, आणि तरीही एकट्या फाइव्ह-स्टार मुलाची संधी दसपट असणार. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रत्यक्षातलं चित्रही याच वळणाचं असतं. यादीत कोण जास्त दिसतं आणि कोणाची शक्यता जास्त आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मे वाद मिटतात.

संघाच्या पातळीवर तर ताऱ्यांची कामगिरी चांगलीच आहे. बड एलियट या पत्रकाराने एक साधं गुणोत्तर लोकप्रिय केलं. हायस्कूलमधून गेल्या चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक चार किंवा पाच तारेवाले असतील, तरच तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत धरायचा. या क्रमवाऱ्यांच्या काळातले विजेते वर्षानुवर्षं या कसोटीला उतरत आले. ऐंशी-नव्वद मुलांचा संघ म्हटला की एकेका मुलाबद्दलच्या चुका एकमेकींना छेद देतात आणि सरासरी टिकते. दहावीच्या गुणवत्ता यादीतली शंभर मुलं पुढे एकंदरीत बरं करणार, हे सांगता येतं, पण त्यांतला सत्तेचाळिसावा काय करेल, हे कोणी सांगू शकत नाही. इथेही तेच.

एका मुलाबद्दल ठामपणे बोलणं अवघड का, याची कारणं समजण्यासारखी आहेत. पहिलं कारण शरीर. सतराव्या वर्षी वाढ थांबलेली नसते. विस्कॉन्सिनचा जे. जे. वॉट दोन तारेवाला होता. सेंट्रल मिशिगनला तो चेंडू झेलणाऱ्या टाइट एंडच्या जागेवर खेळला. ते सोडून घरी परतला, पिझ्झा पोचवायचं काम केलं आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून दाखल झाला. तिथे त्याला बचावफळीत हलवलं. पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू हा मान त्याला तीनदा मिळाला. सतराव्या वर्षीच्या व्हिडिओत ते दिसणं अवघड होतं, कारण त्याचं शरीर अजून घडत होतं.

दुसरं कारण, खेळायची संधी. टेक्सासच्या कॅम वॉर्डच्या हायस्कूलचा संघ चेंडू फेकण्याऐवजी घेऊन पळायचा. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक असूनही त्याला फेक दाखवायला वावच मिळाला नाही. त्याच्या नावापुढे एकही तारा लागला नाही आणि ऑफर आली ती एकच, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाकडून. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये थेट पहिला क्रमांक.

तिसरं कारण, ठिकाण. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावातला जॉश ॲलन हा शेतकऱ्याचा मुलगा. तो ढिगाने ईमेल पाठवत राहिला आणि शेवटी वायोमिंगला जागा मिळाली. २०२४ च्या हंगामात तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा गावांत परीक्षकांच्या चकरा कमी होतात, आणि दूरच्या कॅम्पला जायला घरातून पैसे लागतात.

अर्थात तारे खरे ठरलेलीही नावं आहेत. साउथ कॅरोलिनाच्या रॉक हिलचा जॅडेव्हियन क्लाउनी २०११ मध्ये देशात पहिला होता. २०१४ च्या ड्राफ्टमध्येही तो पहिलाच निघाला.

नजर जिथे पोचते

फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराच्या काठी बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन छोटी गावं आहेत. काळीभोर जमीन आणि नजर जाईल तिथवर ऊस. तोडणीआधी उसाचा पाला जाळतात. फड पेटला की आतले ससे जीव घेऊन बाहेर धावतात आणि गावातली पोरं त्यांच्यामागे. धुरातून क्षणात दिशा बदलणाऱ्या सशाला हाताने पकडायचं, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ. फ्रेड टेलर, अँक्वान बोल्डिन, सॅन्टोनिओ होम्स अशी एनएफएलमधली मोठी नावं या गरीब गावांतून निघाली. सशांनीच त्यांना वेग दिला असं कोणी सिद्ध केलेलं नाही. एक मात्र नक्की, पहिली काही मुलं चमकल्यावर प्रशिक्षकांच्या चकरा इथे नेमाने सुरू झाल्या आणि मग पुढच्या मुलांकडेही पाहिलं गेलं. नजर पोचली की गुण दिसतात.

आणि नजर मुद्दाम फिरवली गेली तर? दक्षिणेतली बहुतेक मोठी विद्यापीठं १९६० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांना संघात घेत नव्हती. टेक्सासच्या ब्यूमाँटचा बब्बा स्मिथ आपल्याच राज्याच्या विद्यापीठात खेळू शकत नव्हता. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉर्टी दक्षिणेतल्या अशा मुलांना उत्तरेकडे बोलावत होते. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ निवडींत चार खेळाडू एकट्या मिशिगन स्टेटचे होते आणि पहिला होता बब्बा स्मिथ. अलाबामाच्या संघात विल्बर जॅक्सन हा पहिला कृष्णवर्णीय स्कॉलरशिपधारक आला तो १९७० मध्ये. कोण गुणी आहे याआधी कोणाकडे पाहायचं हे ठरतं, आणि ते ठरवणारी माणसंच असतात.

पैसा आणि बदललेले नियम

पैसा या व्यवहारात पहिल्यापासून होता, फक्त टेबलाखालून. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. तो संघ सावरायला दशकं लागली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएए या नियामक संस्थेच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे मिळवायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली. त्यामुळे आता विद्यापीठ स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि संघात १०५ खेळाडू अशी नवी आली.

दुसरा बदल ट्रान्सफर पोर्टलचा. २०१८ पासून विद्यापीठ बदलू पाहणारा खेळाडू या यादीत नाव घालतो आणि २०२१ पासून एक हंगाम बाहेर न बसता नव्या संघाकडून खेळू शकतो. त्यामुळे प्रशिक्षकापुढे आता नवा पर्याय आहे: सतरा वर्षांच्या मुलावर अंदाज बांधायचा, की एकवीस वर्षांच्या, मैदानावर सिद्ध झालेल्या खेळाडूला आणायचं?

इंडियानाने याचं उत्तर देऊन टाकलं. हे विद्यापीठ पराभवांसाठीच ओळखलं जायचं. २०२३ च्या अखेरीस आलेल्या प्रशिक्षक कर्ट सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या, लहान विद्यापीठातले बरेच खेळाडू सोबत आणले आणि पोर्टलमधून आणखी निवडले. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा मायामीत वाढलेला. हायस्कूलमध्ये असताना त्याने येल विद्यापीठाला शब्द दिला होता, मग तो कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळला आणि तिथून इंडियानात आला. २०२५ ची हाइझमन ट्रॉफी त्याने जिंकली. जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. चार-पाच तारेवाल्यांचं त्यांचं प्रमाण निम्म्याच्या कितीतरी खाली होतं. निम्म्याचा नियम मोडला, पण निरर्थक ठरला असं नाही. तो हायस्कूलच्या मुलांवर उभा होता आणि संघ बांधायचा दुसरा रस्ता आता खुला झाला आहे.

चाहत्यांनी काय करावं?

फेब्रुवारी २००८ मध्ये नेवाडातल्या फर्नली गावच्या हायस्कूलमध्ये एक धिप्पाड मुलगा शाळेसमोर उभा राहिला. पुढ्यात दोन मोठ्या विद्यापीठांच्या टोप्या होत्या, कॅमेरे होते. त्याने एक टोपी निवडली, जिम टाळ्यांनी दुमदुमलं. काही दिवसांतच उघड झालं की दोन्हींपैकी एकाही विद्यापीठाने त्याला बोलावलं नव्हतं. सगळं त्याने रचलं होतं. देश त्याला हसला. पण ज्या गावात मोठ्या विद्यापीठाची ऑफर हेच यशाचं एकमेव माप झालेलं असतं, तिथे ती न आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर काय वाटत असेल, याचं उत्तर त्या टेबलावर मांडलेलं होतं. पुढे तो लहान कॉलेजांतून खेळत राहिला, ही त्याच्या हिमतीची बाब फारशी कोणी सांगत नाही.

म्हणून चर्चेची काही पथ्यं पाळायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं. संघाबद्दल वाटेल तितकं बोला. यंदा बचावफळीत किती मुलं आली, क्वार्टरबॅकच्या जागेवर पुढच्या वर्षी कोण उरतं, राज्यातली चांगली मुलं बाहेर का जाताहेत, प्रशिक्षक कोणत्या गावांत पोचलाच नाही? हे प्रश्न आकड्यांनी सुटतात, आणि जाणकार चाहते ते पत्रकारांइतक्याच बारकाईने सोडवतात. एकेका मुलाबद्दल बोलताना मात्र भाषा शक्यतेची ठेवा. 'हा चमकेल' म्हणण्याऐवजी 'याला संधी चांगली आहे' म्हटल्याने काही बिघडत नाही. मुलाने दुसरीकडे सही केली तर त्याला संदेश पाठवून शिव्या घालणं हे चाहत्याचं प्रेम म्हणता येणार नाही. तिथल्या प्रशिक्षकावर त्याचा विश्वास बसला असेल, घर जवळ असेल, घरच्यांना पैशांची गरज असेल. कारण काहीही असो, ते त्याचं आहे.

मुलांच्या पालकांनीही हे गणित समजून घेणं गरजेचं आहे. ऑफर किती आल्या यापेक्षा सहीच्या दिवशी त्यांतल्या किती शिल्लक असतील, प्रशिक्षक सोडून गेला तर मुलाचं काय होईल आणि गुडघा गेला तर हातात कोणती पदवी राहील, हे प्रश्न आधी विचारावेत. डिव्हिजन वनपर्यंत पोचलेल्यांतलेही थोडेच एनएफएल पाहतात. बाकीच्यांसाठी विद्यापीठ हे विद्यापीठच असतं.

तारे देणाऱ्यांचं काम वाया जात नाही. शंभर मुलांबद्दल ते खूप काही सांगतात, आणि फर्नलीच्या, फायरबॉच्या, बेल ग्लेडच्या एका मुलाबद्दल फार थोडं. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवणाऱ्या चाहत्याला रिक्रूटिंगमधला आनंद पुरेपूर मिळतो आणि त्याच्या हातून कोणा पोराचं नुकसानही होत नाही.